फक्त डी

मंगळवारी सात वाजता शटर ओढून
कॉलरमध्ये दुसऱ्यांचे केस तसेच घेऊन
मी पोचतो चर्चमागच्या हॉलमध्ये.
पोर्ट टॅल्बटचा वारा समुद्रावरून येतो
आणि माझ्याआधी तोच वर्गात शिरतो.

ग्लेनिसबाईंचा मार्कर वाळत आलाय.
फळ्यावरचं 'यस्टर्डे' इतकं फिकट
की काल नावाचा दिवस झाला तरी होता का,
अशी शंका यावी.
वॉश, वॉश्ट. लिहायचं ईडी, म्हणायचं ट.
हालिना म्हणते, मग लिहायचं तरी कशाला?
बिस्किटांचा डबा फिरतो.

मला ईडी आवडला.
वस्तरा पहिल्यांदा हातात आलेल्या पोरासारखा
मी तो दिसेल त्याच्यावर चालवला.
आय बायड. आय स्लीप्ड. आय गोड.
बाई हसल्या. माझा नातूही अस्संच म्हणतो, म्हणाल्या.
नातू चार वर्षांचा.
मी एकेचाळीस.

कट तेवढा हातून निसटला.
याला काही लावायचं नाही, कारझान.
आज कट, काल कट.
माझ्याच धंद्याचं क्रियापद, आणि त्याला
काळाचा ओरखडासुद्धा नाही!

माझ्या भाषेत गोष्ट होऊन गेली
की कर्ता आपली जागा सोडतो.
भाकरी खाल्ली, एवढं सांगायचं तरी
'मी' जाऊन भाकरीलाच चिकटतो.
इथे 'आय' वाक्याच्या दारात ताठ उभा,
कॅपिटलमध्ये, एकटा.
रानिया सोडलं ते त्यानं,
ट्रकच्या पोटात श्वास धरला तो त्यानं,
भांडी घासली, खोटं बोलला, रांगेत थांबला,
सगळं त्यानंच.

लेतेब्रहान प्रश्नापाशी अडली.
डिड यू लॉक द डोअर? लॉक्ड का नाही?
बाई म्हणाल्या, ओझं डिडनं उचललंय ना,
मग पुढचा मोकळ्या हातानं चालतो.
तिनं डिडखाली दोन रेघा ओढल्या.
आमच्या घरात मी डिड होते, म्हणाली,
आणि पुढचं वाक्य लिहायला घेतलं.

शेवटची दहा मिनिटं.
नमुन्याचं वाक्य बाईंनी स्वतः लिहिलं:
एम्रिस लाइक्स हिज टी स्ट्राँग.
मी हात वर केला. वर्षभरात पहिल्यांदा
चूक मला सगळ्यांच्या आधी दिसली होती.
मिस, लाइक्ड! ई आधीच आहे. फक्त डी.

रेडिएटर खडखडला.
हालिनानं टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला
तेव्हा कुठे आठवले
नोव्हेंबरातले दोन रिकामे मंगळवार,
दारावरची चिठ्ठी, आणि ती वाचून
लवकर घरी जायला मिळालं म्हणून
मला झालेला आनंद.

बरोबर, बाई म्हणाल्या.
डस्टर सापडेना, एस बोटानं पुसला.
डी काढताना मार्कर दोनदा झटकावा लागला.
मग त्या निळ्या बोटाकडे
उगाच बघत राहिल्या.

खुर्च्या रचताना मला खूप काही बोलायचं होतं,
पण त्यातलं प्रत्येक क्रियापद वाकडं,
यादीत दुसऱ्या रकान्यात बघावं लागणारं.
चुकणार नाही असं एकच होतं माझ्याकडे.

आय कट हिज हेअर, मी म्हणालो.

खिडकीजवळची खुर्ची. कपाळावर
भट्टीवरच्या हेल्मेटचा जुना वळ.
कानामागे जरा राहू दे, म्हणायचे,
तिला तिथं आवडतात.

बाई कोटाची बटणं लावत होत्या.
दर तिसऱ्या शुक्रवारी, म्हणाल्या.
वाक्यात काही दुरुस्त केलं नाही.
दिवा मालवला,
आणि बाहेर वाऱ्यात उभं राहून मला विचारलं,
डिड यू लॉक द डोअर?